तडीपारीची नोटीस तांड्यावर येते तेव्हा

वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवी-मानोरा भागात बंजारा तांड्यांसाठी वकिली करायची म्हणजे तडीपारीची कागदं हाताखालून जाणारच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 प्रमाणे माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं, आणि कलम 56 खाली तर एकाही खटल्यात शिक्षा झालेली नसली तरी चालतं. इतक्या वर्षांत जे कळलं ते असं.

1. लढाई नोटिशीच्या उत्तरातच असते. कलम 59 ची नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. वकील लावता येतो, साक्षीदार तपासा म्हणता येतं. पण दिवाळीच्या आसपास निम्मा तांडा ऊसतोडीला जातो, घरांना कुलपं लागतात आणि नोटीस दारावर चिकटते. घरी कुणी असलंच, तर सही केली की गुन्हा कबूल झाला या भीतीनं कागद परत जातो. तांड्याच्या नायकांना मी सांगून ठेवलंय: कागद घ्या, सही करा, खाली तारीख घाला आणि फोटो लगेच पाठवा. उत्तरात जे आलं नाही ते अपिलात मांडताना फार जड जातं.

2. गुन्ह्यांची यादी तारखा बघत वाचा. धुऱ्यावरची हाणामारी, मोहाच्या दारूची केस, निर्दोष सुटलेला खटला, सगळं एका रांगेत लिहिलेलं असतं. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये तडीपारी रद्द केली. 2013 आणि 2018 च्या गुन्ह्यांचा 2020 च्या आदेशाशी जिवंत संबंध उरलेला नव्हता, आणि थेट दोन वर्षंच का, याचं कारण आदेशात नव्हतं. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये अमरावतीचे पत्रकार रहमत खान यांची तडीपारीही त्याच न्यायालयानं उडवली. हे दोन्ही निकाल मी उत्तरालाच जोडतो.

3. गोपनीय जबाब कुणाचे, हे विचारत बसू नका. आरोपांचं साधारण स्वरूप सांगितलं तरी पुरे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या रांगणेकर निकालापासून पक्कं आहे. विचारायचं ते हे, की अधिकाऱ्यानं ते जबाब पडताळले का? दोन जबाब शब्दाशब्दानं सारखे निघाले तर तेवढ्यावरही बराच युक्तिवाद होतो. (1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा 1952 मध्ये गेला. 'तांड्यावरचा आहे' हे कारण मात्र चौकशी अहवालांतून अजून पुरतं गेलेलं नाही.)

4. हद्द तपासा. कलम 56 लगतचे जिल्हेही जोडू देतं. पोहरादेवी यवतमाळच्या सीमेजवळ, सोयरे दिग्रस-पुसदला. वाशीमसोबत यवतमाळ, अकोला, हिंगोलीही आदेशात आले तर माणसानं रोजी शोधायची कुठे? प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं कारण मागा.

5. अपील 30 दिवसांत. कलम 60 मध्ये राज्य सरकार लिहिलंय, पण आमची अपिलं अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे जातात. सोबत स्थगितीचा अर्ज हवाच, नाहीतर निकाल लागेपर्यंत तडीपारीची मुदत भोगून होते. पुढे नागपूर खंडपीठात रिट.

6. मोफत वकील मिळतो, पण मेख आहे. विधी सेवा कायद्यात अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. म्हणजे पोहरादेवीच्या पुरुषाला जातीच्या दाखल्यावर वकील मिळत नाही, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. अन्याय आहे, पण आज तरी नियम तोच. दाखला आधीच काढून ठेवा. हेल्पलाइन 15100.

7. रामनवमीला चोरून येऊ नका. देशभरातला बंजारा समाज पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या समाधीला येतो, तेव्हा गावच्याच पोराला राहवत नाही, हे मला कळतं. पण कलम 142 खाली पुन्हा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि यात्रेत बंदोबस्त दांडगा असतो. तात्पुरत्या प्रवेशाची लेखी परवानगी मागता येते. आजारपण किंवा लग्न असेल तर कागद जोडावा. यात्रेसाठी हवी असेल, तर गुढीपाडव्याच्या आधीच अर्ज द्या. पाडव्यानंतर नवमीला आठच दिवस उरतात, तेवढ्यात पोलीस ठाण्याचा अहवालही आलेला नसतो.