मूल नको: हिशोब आणि निर्णय

'लग्न कधी?' आणि लग्न झालं की 'गोड बातमी कधी?' हे दोन प्रश्न विचारायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. पण काही जोडपी ठरवून सांगतात, की आम्हाला मूल नकोच. यांना 'चाइल्डफ्री' म्हणतात. मूल होत नाही ही गोष्ट वेगळी आणि नको ही गोष्ट वेगळी. त्यासाठी बहुतेक वेळा दोन कारणं दिली जातात: पर्यावरण आणि स्वतःचं आयुष्य. आपण पडलो इंजिनिअरिंगवाले, म्हणून आधी आकडेमोड करू.

२०१७ साली सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या संशोधकांचा एक पेपर खूप गाजला. श्रीमंत देशातल्या माणसाने एक मूल कमी होऊ दिलं, तर वर्षाला ५८.६ टन कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण वाचतं. मोटार सोडली तर फक्त २.४ टन. फरक बघून कुणीही चाट पडेल. पण हा आकडा आला कुठून? आईच्या किंवा बापाच्या नावावर मुलाच्या प्रदूषणाचा अर्धा वाटा, नातवंडाचा पाव, पणतवंडाचा एक अष्टमांश, असं पिढ्यान् पिढ्या मांडून ती बेरीज त्यांच्या आयुष्याच्या वर्षांनी भागली. म्हणजे मॅथ्समधली सिरीजच! पुढे प्रत्येक जोडप्याला दोन मुलं धरली, तर प्रत्येक पिढीचा वाटा अर्धाच राहतो आणि बेरीज वाढतच जाते. एकच मूल धरलं, तर १/२ + १/४ + १/८... फार तर १ पर्यंत जाते. शिवाय पुढच्या पिढ्याही आजच्याइतकाच धूर सोडतील असं त्यात धरलेलं आहे. गृहीतक बदललं की उत्तर बदलतं.

आता आपला देश घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतात एका बाईमागे सरासरी २.० मुलं होती, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतात. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, आपल्याकडे सुमारे २ टन. तेव्हा नुसती डोकी मोजून भागत नाही, एक डोकं किती वापरतं तेही बघावं लागतं.

डोकी मोजण्याच्या नादात काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कितीतरी जबरदस्तीने. म्हणून 'पृथ्वीसाठी मूल नको' हे स्वतःपुरतं म्हणावं, दुसऱ्याला सांगू नये.

हे सगळं परदेशी फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी र. धों. कर्वे आठवावेत. तेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं आणि या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सोडली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांनी आणि मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. तेव्हा ग्लोबल वॉर्मिंग हा शब्दही नव्हता. मूल कधी, किती आणि हवं की नको हे ज्याचं त्याने ठरवावं, विशेषतः जिला ते पोटात वाढवायचं तिने, एवढाच मुद्दा होता.

तो मुद्दा अजून जुना झालेला नाही. त्याच सर्वेक्षणात कुटुंबनियोजनासाठी ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं दिसतं, पुरुषांचं ०.३ टक्के. निर्णय घराचा, टाके मात्र बाईला!

मला स्वतःला आज तरी मूल हवंसं वाटत नाही. गंमत अशी, की कारण पर्यावरण सांगितलं तर सगळे मान डोलावतात, 'मला नको' म्हटलं तर स्वार्थी ठरवतात. पण वरचा हिशोब बघता पर्यावरण हे आपल्याकडे दुय्यम कारण आहे. 'मला नको' हेच खरं कारण आहे आणि ते पुरेसं आहे. मूल हवं असणाऱ्याकडे आपण कारण मागतो का? दहा वर्षांनी माझं मत बदलेलही, तोही माझाच हक्क.

मित्र-मैत्रिणींनो, तुम्हाला मूल हवं की नको हे मी विचारत नाही. लग्नाआधी जोडीदाराशी पगार, घर, गाव सगळं बोलता, तेव्हा हेही स्पष्ट बोला. आणि 'गोड बातमी कधी?' विचारण्याआधी क्षणभर थांबा. समोरच्याला मूल नको असेल, किंवा हवं असून होत नसेल. दोन्हीकडे तो प्रश्न टोचतोच.