परमेश्वराची वाट पाहणे
(वाचावे: स्तोत्र २७, वचन १४)

वाट पाहणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, हा समज आम्हांस मान्य नाही. ज्यांचे बालपण काही काळ कल्याणास गेले, त्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या, संसार दुभंगला. पुढे दोघे एकत्र आली, तेव्हाही बाईंचे सोवळे टिळकांनी मोडले नाही. १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. तोवर पाच वर्षे! आणि टिळक तर स्वभावाने उतावळे.

ज्या बंधूची पत्नी अद्याप मंडळीत आलेली नाही, त्याने तिला प्रश्नोत्तरे घोकावयास लावू नये. तिच्यासाठी नित्य प्रार्थना करावी, आणि सकाळी विहिरीवरून दोन घागरी पाणी तिला आणून द्यावे.