मेसचे टेबल कसे मांडावे?

घरी पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. मेसच्या टेबलालाही अशीच शिस्त आहे. प्लेटच्या डावीकडे काटे. उजवीकडे सुऱ्या, धार प्लेटकडे. त्यांच्या उजवीकडे सूपचा चमचा. ब्रेडची बशी डावीकडे, पाण्याचा ग्लास उजवीकडे सुरीच्या टोकाशी. गोडाचा चमचा व काटा प्लेटच्या वर आडवे.

जेवताना बाहेरून आत या: पहिल्या पदार्थाला सर्वांत बाहेरचा जोड. जेवण संपल्यावर सुरी-काटा प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवा, वेटर समजतो.

घरी हाताने जेवणाऱ्या नव्या कॅडेटने बिचकू नये. चुकीचा काटा उचललात, तर त्यानेच शांतपणे जेवा. शेजारचा चुकला, तर हसू नका. सोबत्याला अवघडू न देणे, हीच खरी मेसची रीत.