लेथच्या हत्याराची निवड

लहान यंत्रशाळेत लेथ यंत्राची खरेदी बहुधा एकदाच होते. कापणारे हत्यार मात्र वारंवार घ्यावे लागते. कर्ज काढून यंत्र बसवणाऱ्या कारखानदाराची मिळकत या बोटभर तुकड्यावर पुष्कळशी अवलंबून असते. तरीही ही निवड अनेकदा ‘महाग ते चांगले’ या समजुतीवर सोपवलेली आढळते.

प्रचारात मुख्यतः दोन प्रकारची हत्यारे आहेत. हायस्पीड स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगापुढे आले. दुसरे टंगस्टन कार्बाइड. जर्मनीच्या क्रुप कंपनीने ते १९२६ च्या सुमारास ‘विडिया’ म्हणजे ‘हिऱ्यासारखे’ या नावाने बाजारात आणले, आणि आपल्याकडील कित्येक टर्नर कोणत्याही कार्बाइडला विडियाच म्हणतात. कार्बाइड अधिक कठीण असून तापल्यावरही धार टिकवते. परंतु ते ठिसूळ आहे. हायस्पीड स्टील चिवट, दणके सोसणारे असून साध्या ग्राइंडरवर त्याला हवा तो आकार देता येतो.

खरा प्रश्न वेगाचा आहे. सौम्य पोलादासाठी हायस्पीड स्टीलला मिनिटास सुमारे ३० मीटर कर्तनवेग पुरतो. कार्बाइडला १५० मीटर सहज मानवतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या सळईवर पहिल्यासाठी मिनिटाला सुमारे १९० फेरे लागतात, तर दुसऱ्यासाठी सुमारे ९५५. पट्ट्यावर चालणारे जुने यंत्र ५०० फेऱ्यांपुढे जात नसेल, तर २० मिलिमीटरच्या सळईवर कर्तनवेग जेमतेम ३१ मीटर पडतो. इतक्या मंद गतीत धातूचा थर कार्बाइडच्या धारेला चिकटतो, सुटताना धारेचा कण घेऊन जातो आणि कामाचा पृष्ठभाग खरबरीत राहतो. त्यातच बेअरिंग झिजलेले असेल, तर कंपनाने धार तुटण्यास वेळ लागत नाही. अशा यंत्रावर हायस्पीड स्टीलच परवडते, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

यंत्र मजबूत व वेगवान असेल तेथे बदलता येणारे इन्सर्ट निश्चितच किफायतशीर ठरतात. त्यांच्या डबीवरील अक्षरे वाचता आली पाहिजेत. ‘पी’ व निळा रंग पोलादासाठी, ‘एम’ व पिवळा स्टेनलेस स्टीलसाठी, ‘के’ व तांबडा बिडासाठी. पुढचा आकडा लहान असेल तर इन्सर्ट झिजेस अधिक टिकणारा, मोठा असेल तर अधिक चिवट. ‘सीएनएमजी १२०४०८’ यातील शेवटचे ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. गोलाई मोठी तर पृष्ठभाग गुळगुळीत. पण बारीक, लांब सळई त्यामुळे थरथरते, म्हणून तेथे ०४ घ्यावा. ‘सीएनएमजी’ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, त्याच्या चार धारा मिळतात, आणि दर धारेचा भाव स्वस्त पडतो म्हणून तो घेणारे पुष्कळ. मात्र त्याला लागणारा जोर लहान लेथला पेलत नाही. तेथे दोनच धारांचा, परंतु खाली उतार असलेला ‘सीसीएमटी’ हलका चालतो.

कोल्हापूरच्या ओतशाळांतून येणाऱ्या बिडाच्या ओतीव कामांना आणखी एक पथ्य आहे. अशा कामाच्या सालीत वाळूचे कण व कठीण थर असतो. पैसे वाचवण्यासाठी पहिला काप अगदी हलका घेतला, तर हत्यार त्या सालीवरच घासत राहते आणि बोथट होते. पहिला काप सालीखाली उतरेल इतका खोल घ्यावा.

बीड कापताना निघणारा कीस तुटक असतो. पोलादाचा कीस मात्र लांब पट्टीसारखा येऊन फिरत्या कामाला गुंडाळतो. तो तोडणारी खाच असलेला इन्सर्ट निवडावा, चष्मा घालावा, आणि तरीही कीस साचला तर यंत्र थांबवून आकड्याने ओढावा. हाताने ओढू पाहणाऱ्याची बोटे तो ब्लेडसारखा कापतो.