कारखानदारींतील नेतृत्व

नेता म्हणजे कोण, असें वर्गांत विचारलें असतां बहुतेक मुलें सेनापतीचें, राजकीय पुढाऱ्याचें किंवा क्रिकेटच्या संघनायकाचें नांव सांगतात. आकुर्डी, भोसरी, चाकण ह्या टापूंत जीं मुलें भोंग्याच्या आवाजावर वाढलीं, त्यांच्याहि डोळ्यांपुढें कारखान्याचा नेता म्हणून कोणी येत नाहीं. फार तर साहेब येतो. साहेब आणि नेता ह्यांत अंतर आहे, व तें समजून घेण्यास फार दूर जावयास नको. आपल्या पिंपरीच्या एका कारखान्याच्या इतिहासांतच त्याचा धडा आहे.

टाटांची टेल्को कंपनी 1945 सालीं स्थापन झाली. जमशेदपुरास ती प्रथम रेल्वेचीं एंजिनें बांधी, आणि 1954 पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी करूं लागली. हा करार 15 वर्षांचा होता. परक्याचा हात सुटल्यावर आपण उभे राहूं काय, हा प्रश्न कंपनीचे धुरीण सुमंत मुळगांवकर ह्यांनीं मुदत संपण्याची वाट न पाहतां हातीं घेतला. 1966 सालीं टेल्कोचा पुण्याचा कारखाना पिंपरी-चिंचवडच्या माळावर उभा राहूं लागला. पण तेथून पहिली मालमोटार बाहेर पडली ती 1977 सालीं. मधलीं अकरा वर्षें काय चाललें होतें? यंत्रें बनविणारीं यंत्रें तयार होत होतीं, पत्र्यास आकार देणारे साचे होत होते, आणि हीं कामें करणारे कारागीर घडविले जात होते. मुळगांवकरांनीं त्या उघड्या माळावर झाडें लाविलीं आणि तळें केलें. तळ्यावर पुढें पक्षी येऊं लागले. फळ दिसण्याआधीं इतकीं वर्षें पैसा आणि मन लावणें ज्याला साधतें, तो नुसता साहेब नव्हे.

ह्याच कंपनीच्या बाबतींत 1974 सालीं एक विलक्षण गोष्ट घडली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत सुधा कुलकर्णी नांवाची तरुणी पदव्युत्तर शिक्षणाच्या अखेरच्या वर्षांत होती. सूचनाफलकावर तिनें टेल्कोची जाहिरात पाहिली. हुशार व कष्टाळू तरुण अभियंते पाहिजेत, असें वर होतें. खालीं होतें कीं, स्त्रियांनीं अर्ज करूं नये. तिला नोकरी करावयाची नव्हती. परदेशच्या विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या तिच्या हातीं होत्या. तरी राग आला, म्हणून तिनें एक पोस्टकार्ड लिहिलें. टेल्कोचे अध्यक्ष मुळगांवकर आहेत हें तिला ठाऊक नव्हतें, म्हणून कार्ड थेट जे. आर. डी. टाटांस गेलें. आशय असा कीं, ज्या घराण्यानें देशांत पोलाद, रसायनें, एंजिनें ह्यांचे उद्योग उभारले आणि आमची विज्ञान संस्थाहि काढली, त्याच घराण्याच्या कंपनीनें स्त्री-पुरुष असा भेद करावा ह्याचें आश्चर्य वाटतें. ही हकीकत त्यांनीं, म्हणजे आतांच्या सुधा मूर्ति ह्यांनीं, स्वतःच लिहून ठेविली आहे.

दहा दिवसांच्या आंत तार आली : पुण्यास मुलाखतीस यावें, खर्च कंपनीचा. वसतिगृहांतील मैत्रिणींनीं पुण्याच्या साड्या आणण्यासाठीं तीस तीस रुपये तिच्या हातावर ठेविले. (हा भाग आमच्या मुलींस विशेष आवडतो.) तारेंत नोकरी नव्हती, परीक्षेचें बोलावणें होतें, हें मात्र पालकांनीं ध्यानांत घ्यावें. सहा परीक्षक बसले होते. त्यांनीं कामाचेच प्रश्न विचारले. उत्तरें आल्यावर त्यांतील एका वयस्क गृहस्थानें मोकळेपणानें सांगितलें कीं, कारखान्याच्या कामावर आम्ही आजवर स्त्रिया घेतल्या नाहींत; तुमच्यासारख्या हुशार मुलीनें संशोधनशाळेंत जावें हें बरें. त्यावर तिनें म्हटलें कीं, प्रारंभ कोठें तरी केला पाहिजे. एरव्हीं तुमच्या कारखान्यांत स्त्री कधींच यावयाची नाहीं. तिची निवड झाली, आणि टेल्कोला पहिली स्त्री-अभियंता मिळाली.

येथें नेता कोण? मुलें त्या तरुणीचें नांव घेतात, आणि धैर्य तिचेंच खरें. परंतु असलीं कार्डें केराच्या टोपलींत जाण्यास वेळ लागत नाहीं. एका अनोळखी मुलीचें कार्ड एवढ्या मोठ्या उद्योगसमूहांत वाचलें जावें, त्यांतील टीका अपमान न ठरतां प्रश्न ठरावी, आणि तरीहि निवड परीक्षेवरच सोपवावी, ह्यांत आम्हांस नेतृत्व दिसतें. त्या वयस्क परीक्षकाचेंहि मोल आम्हांस वाटतें. त्यानें मनांतील अडचण लपविली नाहीं, म्हणूनच तिला उत्तर देतां आलें.

शिवाय अडचणी होत्याच. 1948 च्या कारखाना-कायद्यानें सायंकाळीं 7 पासून सकाळीं 6 पर्यंत स्त्रियांस कारखान्यांत कामावर ठेवण्याची मनाई केली होती. पाळ्यांवर चालणाऱ्या कारखान्यास हें जड जाई. पुढें हे निर्बंध सैल झाले. सुधाबाईंनीं दिलेल्या दहा हजार रुपयांवर 1981 सालीं पुण्यांत इन्फोसिस कंपनी निघाली, हें पुष्कळांस माहीत असतें. टेल्कोचें नांव 2003 सालीं टाटा मोटर्स झालें, आणि अलीकडच्या वर्षांत तिच्या पुण्याच्या कारखान्यांत मोटारींच्या जुळणीची एक संपूर्ण रांग स्त्रियांच्या हातीं सोंपविली गेली, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं.

दहावीचा निकाल लागला कीं कांहीं पालक आम्हांस विचारतात, मुलीनें आय. टी. आय. मध्यें फिटरचें काम शिकावें काय? त्यांची भीति आम्ही खोटी म्हणत नाहीं; पाळी अवेळीं सुटते व चाकणचा रस्ता लांब आहे. परंतु भीति घरांतच ठेवण्यापेक्षां ती कारखान्यास विचारावी. पाळी केव्हां सुटते, बसगाडी कोठपर्यंत सोडते, तक्रार कोणाकडे करावयाची, पहिल्या वर्षीं शिकविणारा कोण असेल, एवढे प्रश्न पुरेत. ते लेखी विचारावे, आणि उत्तर जपून ठेवावें.