बीपी वाढलंय, मग रक्ताचा रिपोर्ट चांगला कसा?

प्रश्न : मुलीचं हे पहिलंच बाळंतपण. सासर धुळ्याचं, सातव्या महिन्यात तिला आम्ही माहेरी आणलं. मागच्या आठवड्यात दोनदा बीपी मोजलं, दोन्ही वेळा १४२/९० च्या आसपास निघालं. लघवीत प्रोटीन नव्हतं. डॉक्टरांनी रक्ताची एक महागडी तपासणी लिहून दिली. नमुना बाहेरगावी गेला आणि आकडा आला २६. डॉक्टर म्हणाल्या, "सध्या घाबरण्यासारखं नाही, पण आठवड्याने परत या." बीपी वाढलेलं असताना हे रक्तावरून कसं कळतं? तिच्या वेळी मलाही हाच त्रास झाला होता, म्हणून जीव टांगणीला लागलाय. शेजारणी मीठ बंद करा म्हणतात. करावं का?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तीच तपासणी केली आणि तिचा अर्थही नेमका सांगितला. त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र पहिल्याइतकाच लक्षात ठेवा : आठवड्याने परत या.

गरोदरपणातलं बीपी हे बहुतेकदा वारेचं दुखणं असतं. सगळं सुरळीत असेल तर पहिल्या चार-साडेचार महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयातल्या नागमोडी, अरुंद रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांना शेतातल्या पाटासारखं रुंद करतात. मग रक्त संथ आणि भरपूर येतं. काही जणींत हे काम अर्धवट राहतं आणि वार उपाशी पडते. ती उपाशी वार आईच्या रक्तात एक प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडू लागते. त्याचं नाव एस-फ्लट-१.

निरोगी वार पीएलजीएफ नावाचं दुसरं एक प्रथिन बनवत असते. आईच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर धडधाकट ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. एस-फ्लट-१ रक्तात फिरता फिरता या पीएलजीएफला पकडून निकामी करतं. मग अस्तर बिघडतं, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं आणि मूत्रपिंडातून प्रोटीन झिरपतं. प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात तो हाच.

हा उलगडा तसा अलीकडचा. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे बोस्टनला संशोधन करणारे डॉ. अनंत करुमांची व त्यांचे सहकारी यांनी तो २००३ मध्ये मांडला. गाभण उंदरांच्या शरीरात त्यांनी एस-फ्लट-१ वाढवलं, तर उंदरांचं बीपी चढलं आणि लघवीत प्रोटीन आलं. पुढच्याच वर्षी दिसून आलं की गरोदर स्त्रियांच्या रक्तातही हा तोल लक्षणांच्या काही आठवडे आधीच ढळू लागतो.

तुमच्या मुलीचा २६ हा आकडा म्हणजे या दोघांचं गुणोत्तर, वाईटाला चांगल्याने भागून आलेलं. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या, आजाराचा संशय असलेल्या गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या एका आठवड्यात प्रीएक्लाम्प्सिया होणार नाही, हे शंभरातल्या ९९ हून अधिक जणींत खरं ठरलं. ३८ च्या वर असलेल्यांपैकी मात्र पुढच्या चार आठवड्यांत तो झाला सुमारे ३७ टक्के जणींनाच. म्हणजे ही तपासणी 'नाही' म्हणते तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवता येतो. ती 'हो' म्हणते तेव्हा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, एवढाच अर्थ. आणि तिच्या 'नाही'ला मुदत आहे. आजचा २६ पुढच्या महिन्यासाठी चालत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा तपासणीला मान्यता दिली तीही थेट २०२३ मध्ये, त्यामुळे आपल्याकडे ती अजून सगळीकडे होत नाही याचं नवल नाही.

ती नाही मिळाली म्हणून कुणी हवालदिल होऊ नये. साध्या लॅबमधल्या तपासण्याही बरंच बोलतात. प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणं, यकृताचे एसजीओटी-एसजीपीटी दुपटीवर चढणं, क्रिएटिनिन १.१ च्या वर जाणं, या गंभीर आजाराच्या खुणा आहेत. युरिक ॲसिड पुष्कळदा लिहून देतात, पण एकट्या त्याच्यावरून पुढचं भाकीत होत नाही. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारातली रक्तातली प्रथिनं, मेदाम्लं, ब-१२ आणि होमोसिस्टीन यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. आपल्या बायकांच्या खाण्यापिण्याचा या आजाराशी काय संबंध आहे, याचं उत्तर आपल्याच बायकांच्या रक्तात शोधायला हवं. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

या सगळ्याच्या बुडाशी आहे तो बीपीचा पट्टा, आणि तोच सर्वांत निष्काळजीपणे बांधला जातो. उन्हातून, रिक्षातून उतरून धापा टाकत आलेल्या बाईचं बीपी लगेच मोजायचं नसतं. पाच मिनिटं बसू द्यावं, लघवीला जाऊन येऊ द्यावं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. १४०/९० किंवा वर आलं तर चार तासांनी पुन्हा मोजायचं. १६०/११० आलं तर मात्र चार तास थांबायचं नाही, तडक दवाखाना. लघवीची पट्टीही उपकेंद्रात मिळते : पिवळा चौकोन हिरवा पडला की प्रोटीन आहे. चोपडा-यावलच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात सिस्टर आणि आशाताई याच दोन साधनांवर जीव वाचवतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत होते. तिथे हे दोन्ही आवर्जून करून घ्या.

आता तुमच्या स्वतःच्या त्रासाबद्दल. आईला झालेला असला की मुलीचा धोका वाढतो. पहिलंच बाळंतपण हेही एक कारण. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर जायला हवी तिसऱ्या महिन्यात, कारण उपाय तेव्हाच करता येतो. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लाम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. डबल मार्करसाठी त्याच सुमारास रक्त काढतात. धोका ताडायला त्याच नमुन्यातून पीएलजीएफही मोजता येतं. सातव्या महिन्यात आपल्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. त्याची वेळ आता गेली. धाकटी लेक किंवा पुतणी असेल तर तिच्या वेळी हे लक्षात ठेवा.

मीठ बंद करू नका. त्याने हा आजार टळत नाही. भरीत-भाकरी रोजच्यासारखी खाऊ द्या, पापड-लोणच्याचा मात्र अतिरेक नको. कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका, कारण आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्यांनी धोका कमी होतो. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी देऊ नका.

आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नुसते पाय सुजणं पुष्कळ जणींना होतं. पण चेहरा-हात एकाएकी सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली उजवीकडे दुखू लागलं, बाळाची हालचाल मंदावली, किंवा पोर "डोकं दुखस" म्हणत गोळी घेऊनही पडून राहिली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. बरगडीखालच्या दुखण्याला ॲसिडिटी समजून थंड दूध पाजत बसण्यात मोलाचे तास जातात. हा आजार बळावला तर झटके येऊ शकतात. ते टाळायला दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ मध्ये ३३ देशांतल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर आणला. त्याची भारतीय बायकांना साजेशी कमी मात्रेची पद्धत आपल्याच सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी मांडली.

धुळ्याची फाइल अमळनेरला आणली आहे ना, तेही पाहा. पहिल्या तिमाहीतलं बीपी किती होतं हे कळल्याशिवाय आजच्या १४२ चा अर्थ पुरता लागत नाही. बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असंही समजू नका. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान बीपी पुष्कळदा पुन्हा चढतं, आणि नेमकी तेव्हाच बाळंतीण घरी आलेली असते, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. सुट्टी मिळतानाच पहिल्या आठवड्यातल्या बीपी तपासणीची तारीख कार्डावर लिहून घ्या. बाळंतिणीने घराबाहेर पडू नये असं कुणी म्हणालं तर सिस्टरला घरी बोलवा, आणि सव्वा महिना होईपर्यंत डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका.