निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

पावसाळ्याचे दिवस होते. ओढ्याला पूर आला होता. गावच्या विहिरीचे पाणी चहासारखे गढूळ झाले होते. घरोघरी लोक त्यात तुरटी फिरवीत आणि तेच पीत. गावात जुलाबाची साथ आली. माझ्या चौथीच्या वर्गात सात मुले गैरहजर होती.

मी तेव्हा शाळेचा हेडमास्तर होतो. हजर मुलांना म्हणालो, "आज पुस्तके मिटा. आज आपण पाण्यालाच विचारू."

आम्ही काचेचे तीन पेले घेतले. तिन्हींत विहिरीचे गढूळ पाणी भरले. पहिला पेला तसाच ठेवला. दुसऱ्यातले पाणी जाड फडक्यातून गाळले. तिसऱ्यात तुरटीचा खडा फिरवला. मग तासभर कोणी पेल्यांना हात लावायचा नाही, नुसते पाहायचे.

तासाने काय दिसले? पहिल्या पेल्याच्या तळाला थोडी वाळू बसली, पण पाणी गढूळच राहिले. दुसऱ्यातला काडीकचरा गेला, गढूळपणा राहिला. तिसऱ्यातले पाणी मात्र वरून निवळ झाले. मातीचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. तुरटीमुळे ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात.

मुले म्हणाली, "गुरुजी, तिसरे पाणी शुद्ध झालं!"

मी म्हणालो, "थांबा. ते कोणी प्यायचे नाही. अजून एक गंमत राहिली आहे."

घरून उकळून, गार करून आणलेले पाणी मी दोन स्वच्छ पेल्यांत ओतले. एकात मीठ विरघळवले. मग दोन्ही पेले स्वच्छ फडक्यातून गाळले. विचारले, "मीठ कशात आहे?" मुलांनी पेले उजेडात धरले, फिरवून पाहिले. दोन्ही सारखेच! शेवटी चव घेतली तेव्हा कळले.

एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, मीठ फडक्यातून गेलं आणि दिसलंही नाही. मग रोगाचे जंतू तरी कसे दिसतील?"

अगदी बरोबर. जंतू मिठासारखे विरघळत नाहीत, पण डोळ्यांना दिसत नाहीत इतके ते लहान असतात. 1884 साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा शोध घेतला. तो त्यांना तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. लोक तेच पाणी वापरत होते. गाळल्याने आणि तुरटीने काही जंतू कमी होतात, पण सगळे जात नाहीत.

त्या मुलीचा धाकटा भाऊ घरी जुलाबाने निपचित पडला होता. तिने घरी सांगितले, "पाणी उकळून घेऊ या." आजी म्हणाली, "आमचा जन्म गेला तुरटीच्या पाण्यावर. तू काय शिकवतेस?"

पोरीने वाद घातला नाही. तिने आजीपुढे दोन पेल्यांचा तोच प्रयोग केला. आजीने घोट घेतला आणि म्हणाली, "अगं बया! हे तर खारट! दिसत तर काहीच नव्हतं." संध्याकाळी चुलीवर पाण्याचे पातेले चढले.

उकळलेल्या पाण्याने झालेला आजार बरा होत नाही, पुढचा टळतो. त्या मुलाला दवाखान्यात नेले, मीठ-साखरेचे पाणी पाजले, म्हणून तो वाचला.

म्हणून लक्षात ठेवा. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळा. वरचे पाणी हलकेच ओतून गाळून घ्या. मग त्याला खळखळून उकळी येऊ द्या, आणि उकळी आल्यावर निदान एक मिनिट ते तसेच उकळू द्या. त्याच भांड्यात झाकून गार करा. पाणी ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका. सरपण पुरत नसेल, तर क्लोरीनच्या गोळ्यांविषयी आशाताईंना विचारा.

आणि आईबापांनो, मूल घरी पेले, माती, तुरटी घेऊन बसले तर "पसारा करू नकोस" म्हणून रागावू नका. शेजारी बसा. तुम्हीही पाहा. मी सांगून आजीला पटले नसते. नातीने दाखवले, म्हणून पटले.

विचार करा

1. तुरटीने पाणी निवळ कसे होते?
2. गाळलेल्या पाण्यात मीठ आहे हे डोळ्यांना का कळले नाही?
3. तुमच्या घरी पिण्याचे पाणी कोठून येते? ते तुम्ही कसे शुद्ध करता? चार ओळी लिहा.